मोहाच्या झाडाखाली दहा दिवस

पुण्यातले घर भाड्याने देऊन वर्षभर गडचिरोलीच्या जंगलात राहायचे, हा विचार आम्ही दोघांनी सलग दोन पावसाळे मनात घोळवला होता. आमच्या चौघांच्या घरात मिळून दहा झाडेसुद्धा कुणाला खात्रीने ओळखता येत नव्हती, आणि जेवणाच्या ताटातला कोणता पदार्थ कोणत्या मातीतून आला हे मुलांना सांगायची वेळ आली की आम्हीच गप्प होत होतो. वनहक्कांच्या कामात असलेल्या एका जुन्या मित्राच्या ओळखीने धानोरा तालुक्यातल्या एका गोंड गावाशी पत्रव्यवहार झाला. गावाचे नाव मी येथे लिहीत नाही. नाव छापू नये, असे गावाने सांगितले होते आणि ते मला रास्त वाटते. गावाकडून आलेल्या उत्तरात दोनच गोष्टी होत्या : मोहाच्या हंगामात या, आणि काम करायच्या तयारीने या. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही निघालो. त्या मुक्कामाच्या पहिल्या दहा दिवसांची ही नोंद आहे.

पहिला दिवस

सकाळी नागपूरला उतरून आम्ही गडचिरोलीची एसटी धरली. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी अशी गावे मागे पडत गेली. ब्रह्मपुरी सोडून वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा लागतो. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग आजही वनाखाली आहे. आरमोरीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पानगळ झालेले रान दिसू लागले आणि त्या करड्या रानात अधूनमधून पळस पेटलेला दिसे. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याने काळीपिवळीने आणि शेवटचे काही अंतर पायी, असे करीत गावात पोहोचेपर्यंत दिवस मावळला होता.

ज्या घरी उतरायचे होते तेथल्या आजींनी दोन्ही हात जोडून "जोहार" म्हटले आणि पाय धुवायला पाणी दिले. शेणाने सारवलेली ओसरी, वर कवेलूचे छप्पर, एका कोपऱ्यात बांबूच्या टोपल्या एकात एक घालून ठेवलेल्या. आमचा धाकटा निनाद आठ वर्षांचा आहे. त्याने पंख्याचे बटण कोठे आहे हे विचारले नाही, याचेच मला त्या रात्री मोठे नवल वाटले.

दुसरा दिवस

आम्हाला राहू द्यायचे की नाही हे अजून ठरलेच नव्हते, हे आम्हाला येथे आल्यावर कळले. पत्राचे उत्तर काही जणांनी मिळून दिले होते. परवानगी मात्र ग्रामसभाच देते, आणि ग्रामसभा आम्हाला पाहिल्याशिवाय कशी देणार? संध्याकाळी सगळे गाव चिंचेखाली जमले. बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, पोरे मध्ये. काही गोंडीत, काही मराठीत असे बोलणे सुरू झाले. तुम्ही येथून काय नेणार, असे एका वृद्ध बाबांनी विचारले. मी फार विचार न करता "ज्ञान" असे उत्तर दिले. ते म्हणाले, "गियान का पोत्यात भरून नेतेत जी? कामावर या, मंग पाहू."

बहुतेकांची हरकत नव्हती. एका बाईंची मात्र होती. शहरातली पोरे रानात जातील, त्यांना काही चावले, काही लागले तर बोल गावावर येईल, असे त्यांचे म्हणणे होते. आमच्या सोसायटीच्या सभेत अशा वेळी हात वर करून मोजणी झाली असती आणि विषय दोन मिनिटांत संपला असता. येथे बैठक तेथेच उठली. एकीचा नकार असताना निर्णय करायचा नाही, ही या गावाची रीत आहे, आणि त्यात कुणाला वेळ वाया गेल्यासारखे वाटले नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. परत जावे लागेल या काळजीपेक्षा, त्या बाईंचे म्हणणे अगदी खरे होते आणि आम्ही दोन वर्षांत त्याचा विचारच केला नव्हता, या जाणिवेने मी जागी राहिले.

तिसरा दिवस

सकाळी मी त्या बाईंच्या अंगणात जाऊन बसले. त्या धान पाखडत होत्या. मीही एक सूप घेतले. पाखडणे मला येत नव्हते, तांदूळ अंगणात सांडत होता, तरी त्यांनी सूप काढून घेतले नाही. तासाभराने त्यांनी स्वतःच विषय काढला. घरचे मोठे माणूस बरोबर असल्याशिवाय मुलांनी गावाची शीव ओलांडायची नाही, आणि हे आम्ही ग्रामसभेत सर्वांसमोर सांगायचे, अशी अट ठरली. संध्याकाळी ते सांगितले आणि वहीत तशी नोंद झाली. बारा वर्षांच्या ओवीने आणि निनादनेही वहीत आपापली नावे लिहिली. मुलांना अट पाळायची असेल तर सही त्यांचीही हवी, हे त्या बाईंनीच सुचवले होते.

चौथा दिवस

पहाटे साडेतीनला आजींनी हाक मारली. चांदणे होते. हातात बॅटरी, काखेत टोपल्या, एका भांड्यात आंबील, अशी आमची रांग रानात शिरली. गावाभोवतीच्या रानातली मोहाची झाडे घराघरांत वाटलेली आहेत. कुंपण नाही, पाटी नाही, पण कोणते झाड कुणाचे हे पोरांनासुद्धा ठाऊक असते, आणि दुसऱ्याच्या झाडाखालचे फूल कोणी उचलत नाही. आजींच्या घराकडे सहा झाडे आहेत. त्यातले एक त्यांच्या सासूबाईंच्या लग्नाच्या वेळीही असेच मोठे होते, असे त्या सांगत होत्या.

मोह रात्री फुलतो आणि पहाटेपासून गळू लागतो, हे मी वाचले होते. तो गळताना ऐकला मात्र नव्हता. निष्पर्ण झाडाखाली आम्ही उभे होतो आणि अंधारात चहूबाजूंनी टप, टप असा आवाज येत होता, जणू पाऊस सुरू होऊन लगेच थांबत होता. वर वटवाघळांची फडफड चालली होती. हवेत गोड, किंचित आंबूस, जड असा वास भरून राहिला होता. थोडे उजाडल्यावर जमीन दिसू लागली : फिकट पिवळ्या, रसरशीत, टपोऱ्या मोत्यांसारख्या फुलांचा सडा पडलेला होता.

आजींनी एक फूल उचलून ओवीच्या तळहातावर ठेवले आणि त्याच्या तळाशी असलेले छिद्र दाखवले. फुलाची मांसल पाकळीच तेवढी खाली पडते. मधला दांडा आणि त्याच्या बुडाशी असलेला फळाचा अंकुर झाडावरच राहतो. त्याचेच पुढे टोळ, म्हणजे मोहाचे फळ होते, आणि त्या टोळाच्या बियांचे तेल घरात वापरले जाते. म्हणजे फुले कितीही वेचली तरी फळाचे नुकसान होत नाही. ओवीने झाडाकडे मान वर करून पाहिले, तर फांद्यांच्या टोकांना खरोखरच ते बारीक दांडे तसेच उभे होते. शाळेच्या पुस्तकात फुलाचे भाग तिने रंगवले होते, त्यांना नावे दिली होती आणि परीक्षेत पूर्ण गुणही मिळवले होते. त्या फुलाचा कोणता भाग माणसाने घ्यावा आणि कोणता झाडाकडे राहतो, हे तिने पहिल्यांदा पाहिले.

झाडाखालची जमीन स्वच्छ झाडलेली होती. पूर्वी पालापाचोळा जाळून जागा मोकळी करीत. सुक्या पानांवर फुले सापडत नाहीत, म्हणून ते सोयीचे होते. पण तीच आग पुढे रानात पसरते, बांबूची बेटे आणि लहान रोपे जळतात. त्यामुळे काही वर्षांपूर्वी गावाने आग बंद करून झाडू धरला. झाडण्याला आठवडा लागतो, जाळण्याला अर्धा तास. पाठ मोडणारे काम आहे, असे आजी मोकळेपणाने म्हणाल्या. ते आनंदाने चालते असे सोंग त्यांनी केले नाही.

वाकून वेचण्याला सुरुवात केली आणि दहा मिनिटांत माझी कंबर धरली. आजी दोन्ही हातांनी वेचतात, हात टोपलीशी न नेता आधी मूठ भरू देतात, आणि पाय न हलवता पोहोचेल तेवढे सगळे संपवून मगच पुढे सरकतात. माझी टोपली पाव भरली तेव्हा त्यांची दुसरी भरत आली होती. सूर्य झाडांच्या वर आला तसा त्यांनी हात झटकला. फुले अजून पडत होती. माझ्या यजमानांनी ती दाखवली तेव्हा आजी म्हणाल्या, "थे चितळाचे, अस्वलाचे. आपला टाइम झाला." सगळ्या गावात हा नियम आहे, असा दावा मी करीत नाही. दिवसा पडणारी फुले वेचणारी घरेही मी पाहिली. आजींच्या घरात मात्र तो आहे, आणि त्यांच्या आईकडून आला आहे.

पाचवा दिवस

अंगणात मोह वाळत घातलेला आहे. पहिल्या दिवशी पिवळा, दुसऱ्या दिवशी लालसर, मग मनुक्यांसारखा तपकिरी. त्याची भाजी होते, भाकरीत घालतात, तीळ किंवा जवसाबरोबर कुटून लाडू करतात. मोह म्हटला की शहरातल्या माणसाला दारूच आठवते. 1993 पासून दारूबंदी असलेल्या या जिल्ह्यात त्या एका आठवणीपायी या झाडाची बदनामीच अधिक झाली आहे. वर्षाच्या अडचणीच्या महिन्यांतले ते अन्न आहे, विकून मीठमिरची आणण्याचे साधन आहे, आणि पेनापुढे, म्हणजे गोंडांच्या देवापुढे ठेवायचा नैवेद्यही तेच आहे.

वाळत घातलेल्या फुलांतले खडे काढताना निनाद आजींच्या नातवाकडून गोंडी आकडे शिकला : उंदी, रंड, मूंद, नालुंग, सैयुंग, सारुंग, येडुंग. तो सातवर थांबला, कारण शिकवणाऱ्यानेच तेथे थांबून सांगितले, "आम्ही सात देवेवाले." या आकड्यांना येथे गणिताखेरीज आणखी एक अर्थ आहे. चार, पाच, सहा, सात अशा देवांच्या संख्येवरून गोंड कुळांचे गट पडतात. एका गटातली कुळे आपसांत भाऊबंद मानली जातात आणि त्यांच्यात लग्न होत नाही. प्रत्येक कुळाने राखायची झाडे आणि प्राणीही ठरलेले असतात. त्यांना त्या कुळातला माणूस इजा करीत नाही. निनादने लगेच विचारले की, आपण किती देवे? आमच्यापैकी कुणालाही त्याला उत्तर देता आले नाही. आमचे कुळ कोणते झाड राखते, हे तर त्याहून अवघड होते.

सहावा आणि सातवा दिवस

सहाव्या दिवशी दुपारी निनादला ताप भरला. आजी एखादी मुळी उगाळून देतील, अशी माझी मनोमन अपेक्षा होती आणि तिची मला आज लाज वाटते. त्यांनी आधी आशाताईंना बोलावणे पाठवले. येथे मलेरियाचा त्रास फार आहे. ताप आला की प्रथम रक्त तपासायचे, हे या गावाने अनुभवातून शिकलेले आहे. आशाताईंनी बोटातून थेंब घेऊन झटपट चाचणी केली. मलेरिया नव्हता, ऊन लागले होते. त्यानंतर मग आजींनी कैरी भाजून... नाही, कैरी नव्हेच. त्यांनी चिंचेचे पन्हे दिले. त्यामागची कथा पुढे येते. झाडपाल्याची औषधे त्यांना पुष्कळ माहीत आहेत, पण कोणत्या आजाराला आपली मुळी पुरत नाही हेही त्यांना तितकेच पक्के माहीत आहे. सातव्या दिवशी सकाळी निनाद उठून बसला आणि आंबील मागू लागला.

कैरीची गोष्ट अशी : गावाशेजारच्या आंब्याखाली कैऱ्या पडल्या होत्या आणि ओवीने एक उचलून दाताला लावणार तोच आजींच्या सुनेने तिचा हात धरला. गावाचा मारका पंडुम, म्हणजे आंब्याचा सण, अजून व्हायचा होता. पेनाला दिल्याशिवाय या वर्षीचा आंबा कोणी तोंडात घालत नाही. माझ्या यजमानांनी ताबडतोब त्याचे स्पष्टीकरण मांडले : कोय धरण्याआधी फळे ओरबाडली जाऊ नयेत म्हणून केलेली ही युक्ती असणार. सुनेने ते नीट ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "असंल जी. पण आम्ही देवाले आधी देतो, म्हणून खात नाही." या उत्तरावर मी बराच विचार केला. आपण शहरी माणसे कुठल्याही रीतीला आपल्या ओळखीच्या भाषेत बसवल्याशिवाय मान देत नाही; आणि बसवून झाली की रीत पाळण्याची गरज उरली नाही असे समजतो. सण लागेपर्यंत थांबणे हीच त्या घरातली शिकवण आहे. थांबणाऱ्याला कारण ठाऊक असलेच पाहिजे, अशी तिथे अट नाही. ओवीने कैरी परत झाडाच्या बुंध्याशी ठेवली.

आठवा दिवस

आज मेंढा-लेखा पाहिले. धानोरा तालुक्यातल्याच या गोंड गावाविषयी महाराष्ट्रात पुष्कळ लिहिले गेले आहे, तरी ते येथून पाहणे वेगळे आहे. 1980 च्या दशकात गोदावरी आणि इंद्रावती या नद्यांवरच्या प्रस्तावित धरणांविरुद्ध या भागात आंदोलन झाले. त्यातून "मावा नाटे मावा राज", म्हणजे आमच्या गावात आमचे राज्य, ही घोषणा रुजली. देवाजी तोफा आणि गावातली मंडळी, आणि त्यांच्याबरोबर सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल, यांनी अभ्यास गट चालवले. निर्णय सर्वसहमतीने करायचा, आणि निर्णयाआधी विषय समजून घ्यायचा, ही दोन कामे त्यांनी वेगवेगळी ठेवली. 2006 चा वनहक्क कायदा आल्यावर 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरीही बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना लागे आणि तो गावाच्या हाती येत नव्हता. 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले.

या तारखा मी मुद्दाम लिहिते. आदिवासींचे शहाणपण असा शब्द आपण वापरतो तेव्हा ते शहाणपण हवेत तरंगत असल्यासारखे बोलतो. बांबूच्या बेटातली कोवळी काठी सोडायची, जुनीच तोडायची, पावसाळ्यात निघणाऱ्या वास्त्यांपैकी, म्हणजे कोवळ्या कोंबांपैकी, काही खायला घ्यायचे आणि बाकीचे वाढू द्यायचे, हे या लोकांना पिढ्यान्पिढ्या माहीत होते. पण जंगलाचा मालक दुसरा असताना हे माहीत असून उपयोग काय? ठेकेदाराने बेट मुळासकट साफ केले तरी पाहत बसावे लागे. किती घ्यायचे नाही, हे ठरवायला घेण्याचा हक्क आधी हातात असावा लागतो. गेल्या आठ दिवसांत जे जे शिकायला मिळाले त्यात मला हे सर्वांत महत्त्वाचे वाटते.

नववा दिवस

पहाटे मोह, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा ग्रामसभा. विषय तेंदूपत्त्याचा होता. मे महिन्यात बिड्यांसाठी तेंदूची पाने तोडायची, सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा, अशी ही रोख पैशाची मोठी मजुरी. काही तरुणांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचे उदाहरण काढले. त्या गावाला 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि पान चांगले फुटावे म्हणून होणारी छाटणी व आग जंगलाला मारक आहे, हे पाहून तेथल्या ग्रामसभेने तेंदू तोडणेच सोडून दिले. येथल्या बायांनी विचारले, पाचगावाला बांबूचा पैसा आहे. आपल्या पोरांच्या शाळेचा, लग्नाचा पैसा कोठून आणायचा? कोणी कोणाला गप्प केले नाही. दोन तासांनंतर एवढेच ठरले की, एका भागात या वर्षी पान तोडायचे नाही आणि तेथे काय होते ते वर्षभर पाहायचे. ओवी शेवटपर्यंत जागी होती. तिला गोंडी कळत नव्हते, पण कोण किती वेळ बोलले याच्या तिने वहीत रेघा ओढल्या होत्या. बायांच्या रेघा पुरुषांपेक्षा थोड्या अधिक निघाल्या.

दहावा दिवस

आजींच्या सहाव्या झाडाची फुले आता कमी पडू लागली आहेत आणि फांद्यांना तांबूस कोवळी पाने फुटत आहेत. आज माझी टोपली त्यांच्या टोपलीच्या निम्मी भरली. मला त्याचा जितका आनंद झाला तितका अलीकडे कशाचाच झाला नव्हता. घरी आल्यावर त्यांनी वाळलेला मोह पायलीने मोजायला घेतला. घरचा वेगळा काढला, बाजाराचा वेगळा, पेनाचा एक लहानसा ढीग वेगळा. मग चौथा ढीग केला आणि सुपात भरून माझ्यापुढे सरकवला. आम्ही पाहुणे आहोत, आम्हाला वाटा नको, असे मी म्हणू लागले तेव्हा त्यांनी हातानेच थांबवले. "येचला त, वाटा तुमचा," त्या म्हणाल्या, आणि तो मोह पावसाळ्यात कसा टिकवायचा, मडक्याच्या तोंडाला काय लावायचे, हे ओवीला दाखवायला त्या उठल्या.